जावईबापूंच्या तयार श्रद्धांजल्या

माझ्या धाकट्या बहिणीने नवरा पसंत केला तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं की माणूस बोलतो फार. ती म्हणाली, "ताई, तुला गप्प माणसंही आवडत नाहीत." तेही खरंच. पण गप्प माणसाचा निदान आवाज होत नाही. जावईबापू आमच्या घरात आले आणि त्या दिवसापासून घरात रेडिओ लावायची गरज उरली नाही.

माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे समोर माणूस आला की मला आधी डाग दिसतो, हे मी कबूल करते. जावईबापूंचं दुकान माझ्या मागच्या गल्लीत. पूर्वी ते सिनेमाच्या कॅसेट भाड्याने द्यायचे. कॅसेट गेल्या, तबकड्या आल्या, त्याही गेल्या. आता मोबाईलची कव्हरं विकतात आणि पडद्यावर काच बसवून देतात. ती काच त्यांना आजवर एकदाही धड बसवता आलेली नाही. खाली बुडबुडा राहतोच. गिऱ्हाईक कुरकुरलं की सांगतात, "दोन दिवसांत आपोआप जातो." गिऱ्हाईक जातं, बुडबुडा राहतो.

पण तो झाला पोटापुरता धंदा. त्यांचा जीव अडकलाय तो त्यांच्या चॅनेलमध्ये. नाव 'जुनं सोनं, ताजी खबर'. सकाळी ताजी खबर, म्हणजे कोणत्या नटाने कोणता सिनेमा मधेच सोडला, कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या सिनेमाचे खेळ रिकामे गेले. संध्याकाळी जुनं सोनं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोंवर उसासे. ह्यातलं एक अक्षर त्यांना स्वतःला ठाऊक नसतं. चार ठिकाणी वाचायचं, त्यात पाचवं आपलं घालायचं आणि वर म्हणायचं, "सूत्रांकडून असं समजतं." सूत्र कोण, असं मी एकदा विचारलं. "ताई, सूत्रं उघड करायची नसतात," असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, जशी काही मी त्यांना अटकच करणार होते.

रेकॉर्डिंग चालतं कपाटात. खोलीत आवाज घुमतो म्हणून हा गृहस्थ कपाट उघडून कोट आणि ब्लँकेटांच्या मधे डोकं खुपसून उभा राहतो. मी एकदा धुतलेले पडदे द्यायला गेले, तर धाकटी शांतपणे शेंगा सोलत बसलेली आणि कपाटातून फक्त विजारीची मागची बाजू बाहेर. आतून आवाज आला, "नमस्कार रसिकहो! आज एका मोठ्या घराण्यात मोठा भूकंप!" मी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "हळू ठेव पडदे, परत पहिल्यापासून करावं लागतं त्यांना."

त्यांच्या मते चांगला सिनेमा त्यांचं कॅसेटचं दुकान बंद झालं त्याच दिवशी संपला. हल्लीच्या सिनेमात जीव नाही, असं ते हल्लीचा एकही सिनेमा न बघता सांगतात. ऐकणारे माना डोलावतात, कारण त्यांनीही पाहिलेला नसतो. उथळ पाण्याला खळखळाट फार.

आणि ह्या सगळ्याच्या वरचा कळस म्हणजे श्रद्धांजल्या. जुना नट गेला की जो पहिली श्रद्धांजली टाकतो त्याच्याकडे लोकांची झुंबड उडते. दुसऱ्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून जावईबापू श्रद्धांजल्या आधीच करून ठेवतात. सत्तरी ओलांडलेला एकही नट त्यांनी सोडलेला नाही. फोटो, गाणं, भरून आलेला आवाज, सगळं तयार. ह्याला ते 'तयार माल' म्हणतात. आणि एखादा नट दवाखान्यात दाखल झाला की त्याचा माल ते रांगेत लावतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपोआप लोकांना दिसेल. मग रोज जेवण झालं की मोबाईल घेऊन बसायचं आणि जो अजून जिवंत आहे त्याला एक दिवस पुढे ढकलायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दात कोरत कोरत म्हणत होते, "ह्यांना देऊ अजून एक दिवस. ह्यांनाही देऊ." चित्रगुप्ताने सुद्धा इतक्या सहज काम उरकलं नसेल.

"आणि विसरलात तर?" मी विचारलं.

"ताई, मी जेवण विसरेन, हे नाही विसरणार."

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा माझ्याजवळ राहतात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ते सिनेमात होते. हीरो नाही, खलनायक नाही. ते डॉक्टर होते. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडून जो बाहेर येतो आणि घरच्यांसमोर उभा राहतो, तो. एकदा डॉक्टर झाले आणि मग जन्मभर डॉक्टरच राहिले. आमच्या गल्लीत अजून त्यांना 'डॉक्टर' म्हणतात, आणि एक-दोन म्हाताऱ्या तर चक्क गुडघे दाखवतात. बाबाही पाहतात.

त्यांचा तो एक सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला आहे. नावाड्याचा. नावाड्याची बायको आत आहे, तो ओल्या कपड्यांनी बाहेर उभा आहे, खाली पाण्याचं थारोळं साचलंय. दार उघडतं, बाबा येतात. काही बोलत नाहीत. चष्मा काढतात आणि कोटाच्या टोकाने पुसत राहतात. बस्स. थिएटरात बायका हमसून हमसून रडायच्या. लिहून दिलेलं वाक्य बाबांनी दिग्दर्शकाला परत दिलं होतं. "नावाड्याला कळलंय, मग मी कशाला बोलू?" असं ते म्हणाले होते म्हणे. एवढ्या एका चष्म्यावर जावईबापूंनी माझ्या बहिणीशी लग्न केलं, असा माझा पक्का संशय आहे. लग्नाच्या बोलणीत त्यांनी मुलीकडे कमी आणि बाबांकडे जास्त पाहिलं होतं.

तर एक दिवस जावईबापू जिना धडाधडा चढून वर आले. "बाबा, नावाड्याचा सिनेमा पुन्हा करतायत! नवा!" मी म्हटलं सूत्रांकडून असेल. पण ती बातमी खरी निघाली. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात सिनेमाच्या कंपनीची मुलगी स्वतः घरी आली. चुणचुणीत होती, सारखी मोबाईलवर बोलत होती, पण आली. म्हणाली, डॉक्टरच्या कामाला जुनेच सर मिळाले तर फार छान होईल. बाबांना दारातून चालत यायला लावलं, चष्मा पुसायला लावला, मोबाईलवर घेतलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. फक्त जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "सरांना दाराची कडी पटकन सापडली नाही. डोळ्यांचं काही आहे का?"

मोतीबिंदू होता. वर्षानुवर्षं मी मागे लागले होते, बाबा ऐकत नव्हते. त्या संध्याकाळी स्वतः म्हणाले, "डोळा करून घेऊ. शूटिंग एकाच दिवसाचं आहे, पण त्या दिवशी मला कडी दिसली पाहिजे."

इतकी वर्षं मी त्यांना कशाची वाट पाहताना पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी तालीम सुरू झाली. बाबा न्हाणीघरातून बाहेर येत, दार ओढून घेत, चष्मा काढत. समोर मला उभं राहावं लागे. रोज चहाच्या आधी माझं कोणीतरी दगावत होतं. मी म्हणायची, "बाबा, दूध उतू जाईल." ते म्हणायचे, "तू धीराने घेतेस फार. जरा कोसळ की." त्यांना ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की मला भीती वाटायची.

ऑपरेशन ठरलं. साखर जास्त म्हणून एक रात्र ठेवून घेणार होते. पुरुषांच्या खोलीत सोबतीला बाईमाणूस चालत नाही, तेव्हा जावईबापू म्हणाले, मी राहतो. मला ते पसंत नव्हतं, पण दुसरं होतं कोण? ते गेले. तिथे त्यांचा मोबाईल इतक्यांदा वाजला की नर्सने तो काढून घेतला आणि सकाळी देईन म्हणून टेबलाच्या खणात टाकला. जावईबापूंनी मुकाट्याने दिला. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते. समोरचा न्हावी रस्ता ओलांडून आला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "फार वाईट झालं. मोठा कलावंत गेला."

मी विचारलं, "कोण?"

त्याने मोबाईल पुढे केला. काळा-पांढरा फोटो, बाबांचा. त्यावर फुलं. आणि जावईबापूंचा आवाज, भरून आलेला.

मी जावईबापूंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. माझा त्यांच्या तोंडच्या कोणत्याही बातमीवर कधी विश्वास बसला नव्हता, आणि हीच तेवढी मी खरी मानली. मोतीबिंदूने माणूस मरत नाही, हे मला कळत होतं. तरी मी दुकान उघडं टाकून धावत सुटले. चप्पल एका पायात होती, दुसरी न्हाव्याने मागून आणून दिली.

दवाखान्यात खोलीचं दार ढकललं. बाबा एका डोळ्यावर पट्टी लावून पलंगावर बसलेले. जावईबापू बशीत चहा ओतून त्यावर फुंकर घालत होते आणि बाबांच्या तोंडाशी धरत होते.

"ये," बाबा म्हणाले. "ह्यांनी रात्रभर डोळा लागू दिला नाही. सगळे जुने सिनेमे सांगितले. एकाचाही शेवट बरोबर सांगितला नाही."

मी भिंतीला टेकले. मग मी जावईबापूंना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या पलंगावरचा पेशंट पट्टी वर करून बघायला लागला. जावईबापूंच्या हातातली बशी कलंडली. बाबा दवाखान्यात दाखल झाले हे कळल्याबरोबर त्यांनी सवयीने बाबांचाही तयार माल रांगेत लावला होता. "हात आपोआप गेला हो ताई," ते म्हणाले. "रात्री पुढे ढकलणारच होतो. पण बाबांना पाणी हवं होतं, मग उशी हवी होती, आणि मोबाईल नर्सच्या खणात..." म्हणजे ह्या माणसाने जन्मात एकदा मोबाईल बाजूला ठेवून कोणाची सेवा केली, आणि त्यातच माझ्या बापाला मारून मोकळा झाला.

ती श्रद्धांजली मी नंतर पाहिली. चांगली होती, हीच तर चीड. त्यात एकही सूत्र नव्हतं. नावाड्याच्या ओल्या कपड्यांबद्दल ते बोलले होते, बाबांनी परत केलेल्या वाक्याबद्दल बोलले होते, आणि मधे एका ठिकाणी बोलायचेच थांबले होते. कपाटात डोकं घालून हा माणूस रडला होता, जिवंत सासऱ्यासाठी.

लोक तुटून पडले. कधी कोणी चॅनेलला विचारलं नव्हतं, आता जो तो ते पुढे पाठवत होता. खाली लिहिलं होतं, असा अभिनय आता होणे नाही. आमचं बालपण गेलं. आणि अधूनमधून, प्रामाणिक माणसांचं, "अरेरे, हे अजून होते का? मला वाटलं केव्हाच गेले." ज्यांना नाव माहीत नव्हतं तेही हळहळत होते. ह्या लोकांपैकी एकानेही कधी पत्र लिहिलं नाही की दार वाजवलं नाही. जिवंत डॉक्टरला गुडघे दाखवणाऱ्या दोन म्हाताऱ्या, मेलेल्याला सगळं जग.

जावईबापूंनी दुपारपर्यंत दुरुस्ती टाकली. बाबांच्या शेजारी बसून, कान पकडून, "रसिकहो, बाबा सुखरूप आहेत." ती कोणी पाहिली नाही. पाहिली त्यातल्या एकाने लिहिलं, "लक्ष वेधून घ्यायला काय काय करतात." दुसऱ्याने लिहिलं, "हा तो नव्हे. तो जास्त उंच होता."

आणि कंपनीच्या मुलीचा फोन आला. माझं सांत्वन करायला. मी म्हटलं, बाबा जिवंत आहेत, समोर बसलेत, देऊ का? मग ती म्हणाली, "अय्या, किती छान!" आणि मग आवाज उतरला. तिच्या साहेबांनी सकाळीच दुसऱ्या नटाला सांगून टाकलं होतं. तो मोठा होता, त्याच्या तारखा मिळत नसतात, त्याने हो म्हटलं होतं ते सुद्धा बाबांना मानवंदना म्हणून. आता त्याला नाही कसं म्हणणार?

"म्हणजे बाबा जिवंत असल्याची अडचण झाली," मी म्हटलं.

"तसं नाही हो मावशी," ती म्हणाली. पण तसंच होतं. मी तिला बजावलं की निदान त्या साहेबांना कळव, माणूस जिवंत आहे. नक्की, म्हणाली.

बाबांना मी सांगितलं. त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "कोणाला दिलं?" मी नाव सांगितलं. "उंच आहे तो," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं, बाबा बाहेर आले आणि सरळ चहाला बसले. मी उगाच तिथे उभी होते.

जावईबापू रोज यायचे आणि दाराशी उभे राहायचे. मी त्यांना बसा म्हणत नव्हते. चॅनेल त्यांनी बंद केलं. सगळा तयार माल पुसून टाकला, असं धाकटीने सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, कित्येक म्हातारे सुटले. सासऱ्याला मारून वैराग्य आलेलं बघायचं राहिलं होतं, तेही पाहिलं.

सिनेमा लागला तेव्हा बाबाच म्हणाले, जाऊ या. मी, बाबा आणि जावईबापू. धाकटी आली नाही. ती म्हणाली, मला तो नावाडी आधीपासूनच रडका वाटतो. नवं थिएटर, गुबगुबीत खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर लाह्यांची बादली. बाबांनी इस्त्रीचा कोट घातला होता, मीच केली होती इस्त्री. त्यांना कोणी ओळखलं नाही. एक बाई फक्त म्हणाली, "आजोबा, पाय जरा आत घ्या."

अंधार झाला. आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर बाबा आले. तोच काळा-पांढरा फोटो, भिंतीएवढा. खाली लिहिलेलं, 'ह्या थोर कलावंताच्या पवित्र स्मृतीस.' त्या मुलीने कोणाला कळवलं नव्हतं, की कळवलं आणि कोणी ऐकलं नव्हतं, देव जाणे. टाळ्या सुरू झाल्या. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. लाह्यांची बादली खाली ठेवून वाजवत होतं.

मी बाबांकडे पाहिलं. ते हात मांडीवर ठेवून, मान जराशी वर करून आपल्याच फोटोकडे बघत होते.

तेवढ्यात माझ्या पलीकडे खुर्ची खाडकन मिटली. जावईबापू उभे राहिले. "जिवंत आहेत!" ते ओरडले. "बाबा जिवंत आहेत! हे काय इथे बसलेत, बघा! मी चुकलो, मी टाकली होती खोटी बातमी!" त्यांचा आवाज कपाटातला नव्हता, फाटका होता. लोक म्हणाले, "शूऽऽ." ते आणखी जोरात ओरडले. मागून कोणीतरी म्हणालं, "ए काका, खाली बस." कोणी लाह्या फेकल्या. "मागे वळून तरी बघा हो!" ते म्हणाले, आणि कोणी बघितलं नाही, कारण पडद्यावर नदी आली होती. ह्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खरी बातमी दिली होती, स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेऊन दिली होती, आणि ती कोणालाही नको होती. बॅटरीवाला आला आणि दंडाला धरून त्यांना घेऊन गेला.

बाबा उठले नाहीत. "सीन यायचाय," एवढंच म्हणाले.

मी बाहेर आले. जावईबापू जिन्याच्या पायरीवर बसले होते. शर्टावर लाह्या होत्या. मला पाहून नाक पुसलं आणि म्हणाले, "ताई, कोणी मोबाईलवर घेतलं असेल का?"

"तुमची अक्कल कुठे गहाण पडलीय?" मी म्हटलं.

"तसं नाही. लोकांना दाखवता आलं असतं. बाबा जिवंत आहेत ते." मग त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "बाबा आले नाहीत?"

"त्यांचा सीन यायचाय."

"त्यांचा कुठला आता?" जावईबापू म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आतून त्या उंच नटाचा आवाज आला. तो बोलत होता, डॉक्टरचं वाक्य, सगळंच्या सगळं. बाबांनी परत केलेलं. मी जावईबापूंच्या शेजारी पायरीवर बसले आणि आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.